राळ ढगाळच हवी

इरुंगाट्टुकोट्टै,
१९ मार्च २००६

प्रिय तनयाताई,

तुला पत्र लिहायचं म्हणून आणलेल्या कागदांवर मी आत्तापर्यंत तमिळ अक्षरं गिरवली, बसचे नंबर टिपले, एकदा तर त्यात वडा गुंडाळून नेला. पोचल्या पोचल्या लिहितो असं तुला स्वारगेटला सांगितलं होतं ते दिवाळीत, आणि आता होळीसुद्धा होऊन गेली. आळस म्हण किंवा लाज म्हण. दर वेळी वाटायचं, काहीतरी सांगण्यासारखं घडू दे, मग लिहू.

फोन का नाही केलास म्हणशील. मोबाईल बेसंतनगरच्या समुद्रात गेला. लाटेकडे पाठ करून उभं राहू नये हे इथल्या पोरांना आईच्या पोटातच कळतं, मला कळायला एक नोकिया लागला. आणि ईमेलसाठी कॅफेत बसलो की मी भलतंच वाचत बसतो. मागच्या वेळी पेंग्विनबद्दल पुष्कळ काही वाचून बाहेर आलो आणि तुला पाठवायचं राहूनच गेलं.

तर मी सध्या चेन्नईच्या बाहेर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै नावाच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आहे. इथे कसा आलो तर बसमध्ये शेजारी बसलेले एक गृहस्थ फोनवर बोलत होते, "मी येतों, तूं चिंता न करणें." मला वाटलं कोणीतरी बखर वाचून दाखवतंय. मी विचारलं, तुम्ही मराठी का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आम्ही आहोंच. तुम्ही कोण?" तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. नाव व्यासराज राव, मी रावजी म्हणतो. त्यांची इथे लहानशी शेड आहे, इपॉक्सीची. गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे साचे, ठोकळे असलं काहीबाही बनवतात. डिप्लोमा अर्धवट सोडलाय हे मी आपणहून सांगितलं, तर म्हणाले, "परवायिल्लै, हरकत नाहीं. राळ डिप्लोमा विचारीत नाहीं." इपॉक्सीला ते राळच म्हणतात.

पण त्यांचा खरा जीव साच्यांत नाही. त्यांची एक भाची आहे, कामाक्षी, मांबलमच्या एका बँकेत आहे. शाळेत असताना बसखाली तिचा डावा पाय गेला, गुडघ्याखालचा. आणि ताई, ती धावते. लंगडत वगैरे नाही, धावते! तिच्या कृत्रिम पायाला तळाशी एक वाकडी पट्टी असते, स्प्रिंगसारखी. काचेचं कापड आणि इपॉक्सी यांचे थरावर थर देऊन केलेली. ती पट्टी रावजी स्वतः करतात. मे महिन्यात बंगलोरला अपंगांच्या स्पर्धांसाठी निवड चाचणी आहे, आणि त्या घरात सध्या दुसरा विषय नाही.

आता माझा प्रश्न. नुसती राळ कडक असते पण ठिसूळ, म्हणून रावजी तिच्यात काकवीसारखं दाट रबर घालतात, गरम करून घोटतात. मग साचा भरायचा आणि रात्रभर कोमट पेटीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कडक भट्टीत. ही कोमट रात्र म्हणजे मला शिक्षा वाटते. काहीच होत नाही, नुसतं थांबायचं! रावजी म्हणतात, "राळ ही गाय आहे, कुशल. घाई केलीस तर लाथ मारील, सरि?" आणि एवढं थांबून निघतं काय, तर ताकासारखी ढगाळ पट्टी. नुसत्या राळेची कशी काचेसारखी निघते. कामाक्षीच म्हणते, मामाची पट्टी लावली की पाय ताकांत बुडविल्यागत वाटतो.

तो ढगाळपणा कसा घालवायचा? तू त्या लॅबमध्ये रबर न् काय काय शिकतेस म्हणून विचारतोय. रावजी तंजावरला गेलेत, थोरल्या भावाच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, मग देवळाचा उत्सव, मे उजाडेल परत यायला. जाताना कामाक्षीसाठी एक नवी पट्टी करून ठेव म्हणालेत. "जशी मी करितों तशीच कर," हे दोनदा बजावून गेले.

आईला सांग, जेवतो.

तुझा,
कुशल


पुणे,
२७ मार्च २००६

कुश्या,

जिवंत आहेस हे कळलं. आत्याला पत्र वाचून दाखवलं, मोबाईल बुडाल्याचा भाग गाळून. तू शेजारच्या शेडचा नंबर पाकिटावर लिहिलायस म्हणून फोन केला होता. एक गृहस्थ फारच मायेने पुष्कळ बोलले, त्यातलं मला फक्त "इल्लै", म्हणजे नाही, एवढंच कळलं. तेव्हा पत्रच बरं.

आधी तुझं उत्तर. ढगाळपणा घालवू नकोस. तोच तर खरा माल आहे.

रबर राळेत मिसळतं तेव्हा साखर पाण्यात विरघळावी तसं ते विरघळलेलं असतं. मग राळ हळूहळू जुळायला लागते, तिचे धागे लांब व्हायला लागतात, आणि रबराला तिच्यात राहायला जागा उरत नाही. ते बाहेर पडतं, पण पळून जाणार कुठे? तिथल्या तिथेच बारीक बारीक थेंब होऊन बसतं. डोळ्याला एकेक थेंब दिसत नाही, पण उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो. दूध पांढरं दिसतं ते काहीसं याच कारणाने. म्हणजे पट्टी ढगाळ झाली की समजायचं, थेंब आले.

थेंब का हवेत? नुसत्या इपॉक्सीत चीर पडली की ती काचेतून जाते तशी सरळ सुटते, थांबतच नाही. वाटेत रबराचे मणी असले की तिला एकेकाशी हुज्जत घालावी लागते. मणी ताणतो, त्याच्या भोवतालची राळ जराशी पसरते, आणि त्या सगळ्यात चिरेचा जोर जिरतो. यालाच आम्ही चिवटपणा म्हणतो. माझ्या थिसिसमधली तीन प्रकरणं मी तुला एका परिच्छेदात फुकट दिली आहेत, नीट वाच.

आता महत्त्वाचं. हे थेंब बाहेर पडायला वेळ लागतो. राळ त्याआधीच आवळली तर रबर आत विरघळलेलंच अडकतं. मग पट्टी दिसते छान, पण धड कडक नाही न् धड चिवट नाही. तुझ्या रावजींची कोमट रात्र म्हणजे काहीच न होणं नव्हे, सगळं तेव्हाच होतं. त्यांना माझा नमस्कार कळव.

तू काही सुधारणा केलेली नसशील अशी मी आशा करते. तुझ्या सुधारणा मला ठाऊक आहेत, आत्याचा मिक्सर अजून माळ्यावर आहे. जमलं तर पट्टीच्या मालाचे तुकडे पाठव, मायक्रोस्कोपखाली बघायला मलाही आवडेल.

आणि ही कामाक्षी कोण कुठली ते जरा सविस्तर लिही. पायाबद्दल लिहिलंस, माणसाबद्दल नाही.

तनया


इरुंगाट्टुकोट्टै,
६ एप्रिल २००६

प्रिय ताई,

सोबत दोन तुकडे आहेत. ढगाळ आहे तो रावजींच्या जुन्या पट्टीच्या कडेचा. स्वच्छ आहे तो म्हणजे असाच, एक आपला प्रयोग. त्याचं काही विशेष नाही. बघून टाकून दिलास तरी चालेल.

इथे निवडणुकीची धामधूम आहे. दर रिक्षाला भोंगा. कोण कोणाला काय देणार ते मला अजून पुरतं कळत नाही, पण देणार आहेत हे आवाजावरून कळतं. शेडच्या मागे एक कावळा आहे, तो रोज माझ्या डब्यातली इडली नेतो आणि समोरच्या पाइपावर बसून माझ्याकडे बघत खातो. मी त्याला साहेब म्हणतो.

तू कामाक्षीबद्दल विचारलंस. ती माझ्यापेक्षा मोठी असेल जराशी. तमिळ फाडफाड, इंग्रजी त्याहून, आणि घरात ते बखरीतलं मराठी. माझं मराठी ऐकून तिला हसू येतं. म्हणते, "तुमचें मराठी हिंदीच्या पोटीं जन्मल्यासारखें आहे." लोक तिच्याशी मोठ्याने बोलतात, का कोण जाणे. परवा ग्राउंडवरचा एक माणूस तिच्याशी ओरडून ओरडून बोलत होता, तर म्हणाली, "अंकल, पाय एक कमी आहे. कान दोन्ही आहेत." त्याच्याशी तमिळमध्ये, मग मला मराठीत करून सांगितलं, मी हसायचा राहू नये म्हणून.

सकाळी ती सराव करते तिथे मी हल्ली जातो. दोन बस बदलून जावं लागतं पण जातो. तिचा वेळ सुधारतोय म्हणतात. नव्या पट्टीवर ती उन्हात धावायला लागली ना ताई, की पायाखाली जमिनीवर पिवळसर उजेड पडतो आणि तिच्याबरोबर पळतो. तू बघायला हवं होतंस.

तू लिहिलेलं थेंबांचं वाचलं. समजलं. रावजी आले की त्यांना सांगतो.

तुझा,
कुशल


पुणे,
१९ एप्रिल २००६

कुशल,

तुकडे मिळाले. दोन्हींना सारखी खाच पाडून मशीनवर तोडले.

ढगाळ तुकड्याने तुटायला जाम त्रास दिला. तुटला तिथे कडा पांढुरकी पडली होती, हाताला खरखरीत. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पाटावर खसखस सांडावी तसे गोल गोल मणी आणि मण्यांच्या जागचे खड्डे. इतकं सुरेख की मी सरांना बोलावून दाखवलं. सर म्हणाले, हे कोणी केलं? मी म्हटलं, तंजावरचे एक रावजी आहेत.

स्वच्छ तुकडा टक्‌ करून गेला. जोर लावायच्या आधीच. तुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत, एकही मणी नाही. रबर आहे सगळं, पण विरघळलेलं. शिवाय जरा ऊन केला तर मऊ पडत होता. चेन्नईचं मे महिन्यातलं डांबर काय असतं ते तू मला सांगायला नको.

आता एक विचारते. तू लिहिलंस की नव्या पट्टीवर ती धावते तेव्हा जमिनीवर उजेड पडतो. मी ते वाक्य आधी नुसतं वाचलं, छान वाटलं. काल हे तुकडे समोर ठेवून परत वाचलं. ढगाळ पट्टीतून उजेड असा पडत नाही, कुशल.

कामाक्षीच्या पायाला कुठली पट्टी आहे?

तनया


इरुंगाट्टुकोट्टै,
२६ एप्रिल २००६

ताई,

स्वच्छ.

आता सगळंच सांगतो. तुझं पहिलं उत्तर मला मिळालं तेव्हा पट्टी होऊन तिच्या हातात गेली होती. म्हणजे तुझं न ऐकता केलं असं नाही. तुझी वाट न बघता केलं.

झालं काय, त्या दिवशी महाबलिपुरमला जाणारी एक व्हॅन होती. शेजारच्या शेडमधली माणसं, पाठीमागे एक जागा रिकामी. मी रबर घोटून साचा भरला होता आणि आता रात्रभर कोमट पेटीशी बसायचं. मला वाटलं, शेवटी भट्टीत जायचंच आहे ना, मग आत्ताच घालू. राळ पटकन आवळावी म्हणून एक औषध असतं ते जरा सढळ हाताने घातलं, साचा थेट कडक भट्टीत सारला, दुपारी काढला न् गेलो. महाबलिपुरमला पाऊल टाकेपर्यंत मला पट्टीचा विसर पडला होता. तिथले दगड फार सुंदर आहेत, ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर पट्टी काचेसारखी! आतलं विणलेलं कापड दिसत होतं, मधात धरल्यासारखं. मला वाटलं, रावजींना इतकी वर्षं जमलं नाही ते मला एका दुपारी जमलं. खोटं नाही सांगत, मी शेडमध्ये नाचलो.

कामाक्षीने ती उन्हाकडे धरून बघितली. कितीतरी वेळ बघतच होती. "अय्यो, कण्णाडी!" म्हणाली. कण्णाडी म्हणजे काच. मग म्हणाली, "आजवर पायासाठीं सर्वांनीं टिकाऊ वस्तु दिधल्या. सुंदर ही पहिलीच." आता मला सांग, हे ऐकल्यावर तिच्या हातातून ती परत कशी मागायची?

आणि ताई, इतके दिवस ती त्याच पट्टीवर धावतेय, काही झालेलं नाही. वेळ सुधारतोय. कोच खूश आहे. कदाचित तुझा तुकडा कडेचा होता म्हणून तसा असेल. कदाचित कापडाचे थर असले की फरक पडत असेल. तू तुकडा तोडलास, पट्टी नाही. हो की नाही?

पाच मेला ती बंगलोरला निघतेय, दहाला चाचणी. रावजी त्याच सुमारास येतील. ते आले की त्यांना सांगतो, ते बघतील काय करायचं ते. तोवर उगीच तिचं मन का बिघडवा.

रोज सकाळी ग्राउंडवर जातो. आता तिच्याकडे बघत नाही, पट्टीकडे बघतो. ती वळणावर आली की मी एकेक पाऊल मोजतो. काल तिने विचारलं, "तुला काय जाहलें? मी तुझी गुरु झाल्यासारखा पायाकडे काय बघतोस?" मी म्हटलं काही नाही. मग घरी आलो, आणि कावळ्याला इडली पुरती देऊन टाकली.

कुशल


पुणे,
१ मे २००६

कुशल,

हे कुरियरने पाठवतेय. तुझ्या त्या फोनवरच्या गृहस्थांना मी इंग्रजी, हिंदी आणि शेवटी मराठीत ओरडूनही सांगून बघितलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कापडाने फरक पडतो, पण कापडाचे थर एकमेकांना धरून ठेवते ती राळच. इतके दिवस काही झालं नाही याचा अर्थ काही होणार नाही असा नाही. दर पावलाला आत कुठेतरी बारीकसं उलत असतं. वरून कळत नाही. मग एकदाच होतं, आणि ते पूर्ण वेगात असताना होतं, कारण जोर तेव्हाच जास्त असतो. तिचा चांगला पाय, तिचा गुडघा, तिचा चेहरा, काहीही जमिनीवर येईल.

तेव्हा रावजींची वाट बघू नकोस. तिला आजच सांग. हे पत्र हातात पडेल तेव्हा वाचून पूर्ण करायच्या आधी ऊठ आणि जा.

तू तिला सुंदर वस्तू दिलीस हे खरं आहे. ती रागावेल. रडेल कदाचित. तुझ्याशी परत बोलणार नाही असंही होईल. होऊ दे.

आणि एक. मी तुला चांगली ओळखते, तुझी पिशवी कुठल्या खिळ्याला असते तेही मला माहीत आहे. हुबळी सोडलीस, कोइमतूर सोडलंस, गोव्याचं तर आम्हाला अजून धड कळलेलं नाही. तेव्हा कोणाचं फार बिघडलं नाही, कारण तू मागे टाकलेल्या कशावर कोणी धावत नव्हतं. या वेळी धावतंय.

पट्टी नव्याने कर. रावजी करतात तशीच.

ताई


इरुंगाट्टुकोट्टै,
८ मे २००६

ताई,

आज मतदानाची सुट्टी आहे. इस्टेट सगळी बंद. कंपन्यांच्या बसेससुद्धा नाहीत, रस्ता इतका मोकळा की कुत्री मधोमध झोपलीत. मी एकटाच शेडमध्ये आहे आणि हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून लिहितोय. ऐक.

तुझं कुरियर मला मिळालं ते पाच तारखेला सकाळीच, ती निघाली त्या दिवशी. तू लिहिलंस तसंच केलं, पूर्ण वाचायच्या आधी उठलो. रावजींची जुनी ढगाळ पट्टी भिंतीवरून काढली, काखेत मारली आणि सेंट्रल स्टेशनला गेलो. वाटेत बसमध्ये सगळं पाठ करत होतो. तमिळमध्ये सांगू की मराठीत हेसुद्धा ठरवलं.

ती गाडीच्या दारात उभी होती. तिची आई होती, बँकेतल्या मैत्रिणी होत्या, कोणीतरी मोठा डबा भरून लिंबूभात आणला होता. मला बघून तिला इतका आनंद झाला ताई. "बघा, आमचे महाराष्ट्रवाले आले!" असं सगळ्यांना ओरडून सांगितलं. तिने पँट जराशी वर घेऊन मैत्रिणींना पट्टी दाखवली आणि माझ्याकडे बोट केलं, यानेच केली म्हणून. त्या सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. एकीने हात मिळवला.

मी जुनी पट्टी पुढे केली आणि म्हटलं, "हीपण ने. जास्तीची असू दे."

बस. एवढंच बोललो.

ती म्हणाली, "हें जुनें ओझें कशाला?" तिच्या आईनेच ती घेतली आणि पिशवीत कोंबली. गाडी हलली. मी हात हलवला. तुला सांगतो, त्या वेळी माझं मन हलकंसुद्धा झालं. म्हटलं, दिली ना, आता तिच्याकडे दोन्ही आहेत. काय नालायक माणूस आहे मी! परत येताना तांबरमच्या बाजूची एक भलतीच बस पकडली आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत तसाच बसून राहिलो.

काल शेडमध्ये एकटा होतो. त्या स्वच्छ मालाची साच्यातली उरलेली एक लांब फळी पडली होती. कापडासकट, तशीच, तेच थर. ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर उभा राहिलो. काही नाही झालं. उडी मारली. काही नाही. मला इतकं बरं वाटलं की आणखी मारत राहिलो, एकसारखा, खेळल्यासारखा. गाणंसुद्धा म्हणत होतो. आणि ती गेली. आधी वाकली नाही, करकरली नाही. माझा पाय खाली विटेवर आपटला, अजून सुजलेला आहे. मी दोन पायांचा माणूस, जागच्या जागी उड्या मारणारा.

तसाच लंगडत कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो. ती उतरलीय त्या लॉजचा नंबर रावजींच्या भिंतीवर होता. ती सरावाला गेली होती. फोनवर एक मुलगा होता, त्याला माझं हिंदी कळेना, मला त्याचं कानडी. मी ओरडून सांगितलं, कामाक्षी राव, साफवाली पट्टी नहीं पहनने का, टूट जाएगी, पुरानी पहनो. तो म्हणाला, पट्टी? हॉस्पिटल? मी म्हटलं, नहीं नहीं, पाय, काच, टूटेगा! आणि मग म्हटलं, बोलो कुशलने गलत बनाया. कुशलने गलत बनाया. हे मात्र त्याला कळलं असावं, कारण तेवढं त्याने परत म्हणून दाखवलं. नंतर परत लावला तर नुसताच वाजत राहिला.

ती सरावाला कुठल्या पट्टीवर गेली होती? मला माहीत नाही. निरोप मिळाला का? माहीत नाही. रावजींना तंजावरला फोन केला, ते उत्सवात. त्यांच्या वहिनींना एवढंच म्हटलं, लवकर पाठवा.

पिशवीचं तू लिहिलंस ना. हो, भरली होती. काल सगळं झाल्यावर भरली. रामेश्वरमला जायचं मनात होतं, तिथून पुढे रस्ताच नाही असं ऐकलंय. खांद्याला लावून गेटपर्यंत गेलो. मग आठवलं, पेटी बंद केली नाही. म्हणून परत आलो, आणि पेटीपाशी उभा राहिलो तर वाटलं, आलोच आहे तर रबर तरी घोटून ठेवू. मग घोटलं. मग साचा भरला. ते औषध मापात घातलं, एक थेंब जास्त नाही. साचा कोमट पेटीत ठेवला आणि समोर बसलो.

खूप वेळाने झाकण उघडून बघितलं. साच्याच्या काठाशी थोडी राळ सांडली होती, ती आधी स्वच्छ होती. मग ती किंचित निळसर वाटली, डोळ्याला भास व्हावा तशी. मग धुकट. मग ढगाळ. ताई, मी इतके महिने हे काम करतोय आणि हे कधी बघितलंच नव्हतं, दर वेळी कुठेतरी गेलेलो असायचो.

आता ती भट्टीत आहे. आणखी बराच वेळ लागेल, मग हळूहळू निववायची. निघाली की रात्रीच्या बसने मी स्वतः बंगलोरला घेऊन जाणार आहे. चाचणी परवा आहे, पोचेन. तिला द्यायची, आणि या वेळी सगळं तोंडाने सांगायचं, तिच्या आईसमोर, त्या हात मिळवणाऱ्या मैत्रिणीसमोर, सगळ्यांसमोर. मी ठरवलंय. पण मी ठरवतो त्याचं काय होतं ते तू बघतच आलीस. आणि ती आज सकाळी पुन्हा सरावाला गेली असेल तर? हाच विचार भिंगरीसारखा फिरतोय. या क्षणी ती धावत असेल आणि मी इथे

गेट वाजलं.

आज कोण येणार? रावजी इतक्या लवकर यायचे नाहीत. थांब, बघतो.

ताई, कामाक्षी आहे. बंगलोरहून. एकटीच. रिक्षावाल्याला सोडून गेटातून आत येतेय, खांद्याला स्टेशनवरची तीच बॅग, केस विस्कटलेले, कपडे प्रवासातले. चालतेय. दोन्ही पायांवर चालतेय. कुठली पट्टी लावलीय ते पँटमुळे दिसत नाही. शेडच्या पायऱ्यांकडेच निघालीय. मी खिडकीतूनच ओरडलो, "कामाक्षी, चढू नकोस! तिथेच बस! मला तुला काहीतरी सांगायचंय!"

ती थांबली. वर बघतेय. म्हणाली, "निरोप पोंचला. तेंच ऐकावयास रातभर बसून आलें. खालीं उतर, आणि माझ्याकडे बघून सांग."

जातो.

कुशल